तत्त्वचिंतन मंडळाची पहिली शोकसभा

काकांच्या तोंडात कापसाचे दोन बोळे होते, एका बाजूने लाळ ओढणारी नळी लोंबत होती आणि जबडा इतका वासलेला होता की त्यातून आतली मतंसुद्धा दिसावीत. नेमकी हीच वेळ साधून दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "मग काका, आता दिवसभर करता काय?"

डॉक्टरांची ही जुनी खोड होती. पेशंटचं तोंड पुरतं उघडलं की त्यांना गप्पांची हुक्की यायची. उलट बोलू न शकणाऱ्या माणसाशी बोलण्याचं सुख त्यांना घरी काही मिळालं नव्हतं, ते ते दवाखान्यात वसूल करत.

"आँ," काका म्हणाले.

"वा, छान!" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ड्रिल सुरू केलं.

पुढे बोळे निघाले, चूळ भरून झाली, आणि काका सविस्तर उत्तर द्यायला सरसावले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सविस्तर असं काही नाहीच. 'आँ' हेच संपूर्ण उत्तर होतं.

काकांना हे फार लागलं. आयुष्यभर ते विमा कंपनीच्या दावे विभागात होते. लोकांच्या आगी, चोऱ्या, अपघात आणि मृत्यू टेबलावर येत, आणि काका ते सगळं बारकाईने वाचून खाली एक शब्द लिहीत: नामंजूर. असा दरारा असलेला माणूस एका दाढेपायी निरुत्तर व्हावा? घरी आल्या आल्या त्यांनी विषयाला हात घातला. काकू स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या.

"अगं, माणूस जगतो कशासाठी?"

"आधी स्टूल धरा."

काकांनी स्टूल धरलं. "मी काहीतरी विचारलं. कशासाठी जगतो?"

"आत्ता तरी स्टूल धरण्यासाठी," काकू म्हणाल्या. "आणि हलवू नका."

या घरात आपल्या बौद्धिक उंचीचं कुणी नाही, हे काकांना लग्नानंतर लगेच कळलं होतं. (काकूंना ते लग्नाआधीच कळलं होतं, पण त्यांनी उंचीचा अर्थ वेगळा लावला होता.) तेव्हा काकांनी ठरवलं, मंडळ काढायचं. तत्त्वचिंतन मंडळ. दर रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं, एक मोठा प्रश्न घ्यायचा आणि सभ्य माणसांसारखी त्यावर चर्चा करायची. चर्चेच्या शेवटी अध्यक्ष या नात्याने बोलण्यापूर्वी क्षणभर थांबायचं, हेही त्यांनी ठरवलं होतं. थांबून काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं, पण थांबण्याचा सराव बाथरूमच्या आरशासमोर सुरू झाला होता.

आपल्याकडे माणसाने नुसतं मनात काही आणलं तरी सल्ला द्यायला चार जण दाराशी उभे असतात. तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "नुसत्या चर्चेला कुत्रं येणार नाही. मोफत रक्तदाब तपासणी ठेवा." त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आत्मा वगैरे ठेवा हो, पण आत्मा झाल्यावर तंबोला ठेवा." तिसऱ्याने देवाचा विषय टाळायला सांगितलं, कारण दोन विंगांमध्ये आधीच पार्किंगवरून बोलणं बंद होतं, त्यात देव कुठल्या विंगचा हा आणखी एक वाद नको.

सल्ला दिला नाही तो फक्त काकांच्या डोक्यावर राहणाऱ्या पीटीच्या बाईंनी. बाई शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचा आवाज अजून मैदानातच होता. त्यांच्या बाथरूममधून काकांच्या बेडरूमच्या छतात पाणी झिरपायचं. "आमच्याकडून गळत नाही," हा बाईंचा खुलासा काकांनी धंद्याला जागून नामंजूर केला होता, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं नव्हतं. काही सांगायचंच झालं तर दोघं काकूंमार्फत बोलत, तेही समोरासमोर उभे राहून.

राहता राहिला हॉल. तो सेक्रेटरींच्या ताब्यात होता. सेक्रेटरींचं प्लायवूडचं दुकान होतं, आणि काका गेले तेव्हा ते खिशातल्या मेजरिंग टेपने एक फळी मापत उभे होते.

"हॉल कशाला पाहिजे?"

"तत्त्वचिंतनासाठी."

"त्यात नाचगाणं आहे?"

"छे!"

"मग सांस्कृतिक नाही. बॉल आहे?"

"कसला बॉल?"

"म्हणजे क्रीडाही नाही. काही विकणार आहात?"

"अहो, विचार आहेत ते. विकायचे नाहीत, मांडायचेत."

"मांडायचे म्हणजे प्रदर्शन आलं. त्याला अग्निशमन दलाची परवानगी लागते." सेक्रेटरींनी टेप सटकन आत सोडली. "काका, नियमात चार प्रकार बसतात. सांस्कृतिक, क्रीडा, प्रदर्शन आणि शोकसभा. पहिल्या तिन्हींना कमिटीची मंजुरी. शोकसभा तेवढी बिनमंजुरी आणि फुकट. तुमचा पहिला विषय काय?"

"मृत्यू म्हणजे काय."

"झालं की मग!" सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "शोकसभेतच टाकतो. नुसतं नावापुरतं हो!"

चुकीच्या रकान्यात खूण केली म्हणून काकांनी आपल्या हयातीत कितीतरी जळकी घरं परत पाठवली होती. पण मंडळाच्या मोहापायी त्यांनी मान डोलावली. माणूस घसरतो तो असा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज पडला: "ब विंगमधील आपले नामंजूरकाका यांची शोकसभा येत्या रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये होईल. सर्वांनी यावे. चहा आहे."

काका झोपले होते. काकू शिंप्याकडे गेल्या होत्या. बेल वाजली म्हणून काका बनियनवर दार उघडायला गेले, तर तळमजल्याचं जोडपं फुलं घेऊन उभं. सौभाग्यवतींनी एक किंकाळी फोडली आणि फुलं काकांच्या अंगावर फेकून त्या जिन्यावरून खाली पळाल्या. गृहस्थ तेवढे थांबले. "काका," ते भीत भीत म्हणाले, "काही राहून गेलंय का?"

मग फोन सुरू झाले. सर्वांत आधी काकूंच्या भावाचा. हा पंप विकायचा आणि फिरतीवर असायचा.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?"

"मी म्हणजे मीच!"

"हे बघा, घरात दुःखाचा प्रसंग आहे. चेष्टा सुचतेच कशी? ताईला द्या फोन."

"अरे, मी तुझा भावजी बोलतोय!"

"ते गेले."

"कुठे गेले?"

"ते मला काय माहीत? ताईला द्या!"

मी म्हणजे कोण आणि मेल्यावर माणूस कुठे जातो, हे दोन्ही मोठे प्रश्न मेहुण्याने एका फोनमध्ये उपस्थित केले. पण काकांच्या ते ध्यानात आलं नाही, कारण ते ओरडत होते. अखेर मेहुण्याची खात्री पटली. तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "मग मी काढलेल्या रजेचं काय?"

संध्याकाळपर्यंत पेपरवाल्याने पेपर बंद केला, सोसायटीतच राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी उरलेल्या दाढेची वेळ दुसऱ्या पेशंटला दिली, आणि काकू पिशवी घेऊन परत आल्या तर वाटेत अकरा बायकांनी त्यांना मिठी मारली होती. काकांना त्या मेसेजमधली मात्र एकच गोष्ट झोंबली होती.

"नामंजूरकाका? मला कोण म्हणतं नामंजूरकाका?"

"सगळेच म्हणतात," काकू म्हणाल्या.

"तूसुद्धा?"

"इथे नाही हो. माहेरी म्हणते."

काकांनी सेक्रेटरींना फोन करून असं झापलं की त्यांनी जागच्या जागी दुसरा मेसेज टाकला: "दुरुस्ती. नामंजूरकाका हयात आहेत. शोकसभा ठरल्याप्रमाणे होईल. गैरसोयीबद्दल दिलगीर. चहा आहे."

रविवारी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मेलेल्या माणसाच्या सभेला कोणीही जातं, पण मेलेला माणूस स्वतः स्वागताला उभा आहे असा योग पुन्हा येणार नव्हता. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावून त्यावर चहाचा थर्मास ठेवला होता. काकांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला होता. ते उभे राहिले, आरशासमोर सराव केला होता तसे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मित्रहो, मृत्यू म्हणजे काय?"

"ते तुम्हीच सांगा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल खदखदून हसला.

काकांनी दोनदा घसा खाकरला, एकदा टेबल ठोकलं, पण हसू काही आवरेना. एवढ्यात गर्दीतून वाट काढत पीटीच्या बाई पुढे आल्या. त्यांच्या हातात सायकलच्या चाकाएवढं एक पुष्पचक्र होतं.

"काकू," काकांच्या डोळ्यांत बघत बाई म्हणाल्या, "यांना सांगा, मेसेज वाचून आणलं होतं. दुकानदार परत घेत नाही. ठेवून घ्या म्हणावं."

काकांनी ते घेतलं. पुष्पचक्र हातात धरून भारदस्त दिसणं कुणालाच जमलेलं नाही, काकांनाही जमलं नाही.

"आणि सांगा, मी भाषणही बसवलं होतं. तेही आता वाया गेलं."

"वाया कशाला? करा की!" हॉलने एकच गिल्ला केला.

बाईंनी दोन्ही हात शरीरालगत घेतले, टाचा जुळवल्या आणि सुरुवात केली. "काका हा माणूस अत्यंत कटकट्या. समोर आला की मी जिना बदलते. पण एवढ्या वर्षांच्या भांडणात हा माणूस एकदाही खोटं बोललेला नाही. मी पुष्कळदा बोलले. आमच्याकडून गळतं. मला माहीत होतं. आता ते गेले... म्हणजे ते जाणार होते, तेव्हा मला असं वाटलं की आता मी भांडू कुणाशी? बाकी कुणात दम नाही. एवढंच. विश्राम!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी पुष्पचक्र टेबलावर ठेवलं. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. ते काकूंकडे वळले. "यांना सांग, आभारी आहे. आणि सांग, अजून गळतंय."

इथे खरं म्हणजे मृत्यूच्या चर्चेला तोंड फुटायला हवं होतं. पण दातांचे डॉक्टर उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. "हे फार सुंदर आहे," ते म्हणाले. "माणूस गेल्यावर लोक चांगलं बोलतात आणि नेमका तोच ऐकायला नसतो. पुढच्या रविवारी माझी करा."

आणि मग बांध फुटला. त्याच्या पुढच्या रविवारी तळमजल्याचे गृहस्थ, त्याच्या पुढे गच्चीलगतचे आजोबा. तत्त्वचिंतन मंडळ हां हां म्हणता जिवंत माणसांच्या शोकसभांचं मंडळ झालं. डॉक्टरांच्या सभेला त्यांचे पेशंट आले आणि प्रथमच मोकळ्या तोंडाने बोलले. डॉक्टरांना मात्र गप्प बसवेना, दर वाक्याला ते उठून आपल्याच स्तुतीत दुरुस्त्या सुचवत. तळमजल्याच्या सौभाग्यवती नवऱ्याबद्दल बोलताना इतक्या हमसून रडल्या, की गृहस्थ धास्तावून दुसऱ्या दिवशी सगळ्या तपासण्या करून आले. आजोबांच्या सभेत वाद झाला, कारण त्यांना क्रीमची बिस्किटं आणि आधीच्यांना साधी, असं कुणीतरी लक्षात आणून दिलं.

या सगळ्यात काकांचं काय झालं म्हणाल, तर ते बुकिंग क्लार्क झाले. दर रविवारी ते फळ्यावर नवा प्रश्न लिहीत: माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे काय? काळ म्हणजे काय? आणि दर रविवारी उत्सवमूर्तीचा फोटो त्याच फळ्यावर टांगला जाई. लोक जिन्यात गाठून विचारत, "काका, आमच्या सासूबाईंची करायची होती. पण त्यांना न सांगता जमेल का?" एवढं आयुष्य मृत्यूचे दावे फेटाळण्यात काढलं आणि आता रांग लावून मरणाऱ्यांना तारखा द्यायच्या! काकांनी एका सभेत उभं राहून अध्यक्षपदाचा राजीनामा दिला.

"नामंजूर!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

काका मुकाट्याने बसले.

अशात सेक्रेटरींचा नंबर आला. तो आला असं म्हणणं बरोबर नाही. आपलं नाव कुणीतरी सुचवेल म्हणून ते बरेच रविवार वाट पाहत होते, आणि कुणीच सुचवत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच ग्रुपवर मेसेज टाकला: "येत्या रविवारी माझी. चहा आहे."

त्या दिवशी जेवढी गर्दी झाली तेवढी काकांच्या सभेलाही नव्हती. लोक ऐकायला आले नव्हते, बोलतं कोण ते बघायला आले होते. कारण याच सेक्रेटरींनी अंगणातल्या बाकावर सावली धरणारं झाड आपला टेम्पो वळावा म्हणून तोडून टाकलं होतं. लिफ्टचं आयुष्य वाढावं म्हणून ते सुट्टीच्या दिवशी तिला कुलूप घालत, त्यापायी पाहुणे धापा टाकत वर येत आणि बसल्यावर अर्धा तास नुसतं पाणी मागत.

सेक्रेटरी नव्या शर्टात पुढच्या रांगेत बसले होते. शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. शेजारी त्यांची बायको आणि सून. काका म्हणाले, "कुणी सुरुवात करावी."

कुणी केली नाही.

पंखा फिरत होता. एक जण खोकला, तशा सगळ्या माना आशेने वळल्या, पण त्याला खरंच खोकला आला होता. पीटीच्या बाई उभ्या राहिल्या. सेक्रेटरी सरसावून बसले. "पाठ अवघडली होती," असं म्हणून बाई पुन्हा बसल्या.

सेक्रेटरी आधी तोंडभर हसत होते. मग ते हसू ओल आलेल्या भिंतीच्या पोपड्यासारखं हळूहळू सुटत गेलं. त्यांचा हात सवयीने खिशात गेला. टेप थोडी बाहेर, पुन्हा सटकन आत. थोडी बाहेर, आत.

काकांना आधी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला! आपल्याला जिवंतपणी मारणाऱ्या माणसाचा निकाल अख्खी सोसायटी बिनबोभाट लावत होती. लिहायचा तो शब्द काकांना लिहावासुद्धा लागणार नव्हता. पण मग त्यांचं लक्ष सेक्रेटरींच्या बायकोकडे गेलं. ती समोरच्या बिस्किटांच्या ताटलीकडे बघत होती, आणि तिने पदराचं टोक बोटाला इतकं आवळून गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. टेबलापलीकडे असे चेहरे काकांनी नोकरीत खूप पाहिले होते. तेव्हा मान खाली घालून सही करता यायची. इथे सहीला कागद नव्हता.

काका उठले. त्यांना सेक्रेटरींबद्दल एक चांगला शब्द सुचेना. खोटं बोलायची सवय नव्हती. ते वळले, त्यांनी फळ्यावरचा सेक्रेटरींचा फोटो उतरवला आणि त्यामागे सकाळी स्वतःच लिहिलेला प्रश्न मोठ्याने वाचला.

"माणूस मुळात चांगला असतो की वाईट?" ते म्हणाले. "मित्रहो, आजचा विषय. आणि उदाहरणादाखल आपण सेक्रेटरींना घेऊ."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, "मुळात म्हणजे मुळापासून बघावं लागेल. माझा अनुभव असा की कीड वरून लागते. मूळ बहुधा ठीक असतं."

"ठीक कसलं?" पीटीच्या बाई कडाडल्या. "झाड कुणी तोडलं?"

"तोडलं, पण हेतू काय होता?"

"टेम्पो!"

"टेम्पो हा हेतू झाला नाही बाई. हेतू वळणे हा होता. टेम्पो निमित्त."

"आणि लिफ्ट?" तळमजल्याचे गृहस्थ उठले. वास्तविक यांचा लिफ्टशी काडीचा संबंध नव्हता. "लिफ्टला कुलूप घालताना यांना दुसरा पर्याय होता का? नसेल तर दोष देता येत नाही. असेल तर आपण एवढी वर्षं गप्प का बसलो? मग आपण तरी चांगले कसे?"

"अहो, त्यांचं त्यांनाच कळत नाही," सेक्रेटरींची सून एकदम बोलली आणि सासूकडे बघून तिने जीभ चावली. पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "घरात पण फ्रीजला कुलूप आहे. मग म्हणतात, जपायला नको का? त्यांना ती माया वाटते."

"न कळत केलेलं वाईट, वाईट धरायचं का?" आजोबा गरजले. आजोबा सोसायटीत पहिल्यांदाच बिस्किटांपलीकडे काही बोलत होते.

हॉल पेटला. लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. चहा निवून गेला आणि कुणी विचारलं नाही. कुणी म्हणालं माणूस परिस्थितीने घडतो, कुणी म्हणालं प्लायवूडने बिघडतो. काका एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगत, तिसऱ्याला थांबवत, फळ्यावर 'हेतू' आणि 'परिणाम' असे दोन बाण काढत घामाघूम झाले होते. मधेच त्यांनी सरळ पीटीच्या बाईंना विचारलं, "बाई, तुमचा मुद्दा पुन्हा सांगा," आणि बाईंनी तो सरळ त्यांनाच सांगितला. काकूंनी दोघांकडे बघितलं आणि पर्समधून विणकाम काढलं.

शेवटी सेक्रेटरी उठले.

"लिफ्टचा पर्याय होता," ते म्हणाले. "मी विचार केला नव्हता. कुलूप हाताशी होतं, घातलं." त्यांनी टेप खिशात नीट ढकलली. "बाकी तुमचं चालू द्या. दुकानात लोक फळी मापेपर्यंतसुद्धा थांबत नाहीत. माझा एवढा विचार कुणी कधी केला नव्हता." त्यांनी नव्या शर्टाच्या बाहीने डोळे टिपले. "मी चांगला की वाईट, हे आज ठरलं नाही तर घाई करू नका. पुढच्या रविवारी मी पुन्हा उदाहरण व्हायला तयार आहे."

आणि मग त्यांनी खाली जाऊन, सुट्टीचा दिवस असून, लिफ्टचं कुलूप काढलं. बटणं हळू दाबा, एवढं मात्र प्रत्येकाला बजावलं.

काका आणि काकू लिफ्टमध्ये शिरले. काकांचा चेहरा असा फुलला होता की लिफ्टच्या मिणमिणत्या दिव्याची गरजच नव्हती. इतकी खणखणीत चर्चा! इच्छास्वातंत्र्य, हेतू, दोष, सगळं एका बैठकीत!

"मग ठरलं काय?" काकूंनी विचारलं. "माणूस चांगला की वाईट?"

"एवढ्यात कसं ठरेल? निर्णय राखून ठेवलाय."

"मग मलाही पुढच्या खेपेला एक उदाहरण द्यायचंय."

काकांना भरून आलं. इतक्या वर्षांनी घरात तत्त्वज्ञान शिरत होतं. "अगं, दे की! कुणाचं?"

काकूंनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा शांतपणे पाहिलं, दुकानात कापड पाहावं तसं.

काकांनी लिफ्टचं बटण पुन्हा एकदा दाबलं, हळू. "दे," ते म्हणाले. "पण वेळेचं बंधन पाळायचं. एका रविवारी आटपलं पाहिजे."

"एका रविवारी कसं आटपेल?" काकू म्हणाल्या, आणि लिफ्टचं दार उघडलं.